जाऊ नये

सरकारी नोकराला देश पाहावयास मिळतो, असे आमचे सोलापूरकडील नातलग मोठ्या कौतुकाने म्हणतात. यात अर्धेच सत्य आहे. त्याला देशातील कार्यालये पाहावयास मिळतात, आणि ती सर्वत्र सारखी असतात. फायली आता कपाटातून निघून संगणकात जाऊन बसल्या. तथापि साहेबांच्या खुर्चीवरील टॉवेल, 'कृपया चर्चा करावी' हा शेरा आणि दुपारी तीनचा चहा यांत हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत यत्किंचित फरक पडलेला नाही. वाचकांपैकी जे भोपाळ, कोलकाता, शिलाँग अशा ठिकाणी आमच्यासारखेच मुक्कामाला आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. गाव खरोखर कळावे अशी इच्छा असेल, तर तेथील माणसे पोट कशावर भरतात, हे एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहावे लागते. तिरुवनंतपुरमला बदली होऊन आम्हांस तिसरे वर्ष लागले, तेव्हा हा योग आला, आणि तो समुद्राच्या तळाशी असलेल्या माशांच्या निमित्ताने आला.

आम्ही मूळचे कोरडवाहू मुलखातले. पाणी म्हणजे विहीर, आणि चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला की घरातील वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरत, एवढीच आमची जलविद्या. आमच्या सौभाग्यवती मात्र मालवणकडच्या. त्यांच्या माहेरी भरती-ओहोटीच्या वेळा घड्याळासारख्या पाठ असतात. विवाहानंतर आम्ही त्यांच्याकडून मासे खावयास शिकलो. मासा ओळखावयास अद्याप शिकतोच आहोत. बदलीचा हुकूम आला तेव्हा आमच्या चेहऱ्यावर चिंता आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटले, यामागील कारण आता सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईल.

कार्यालयात आमच्या शेजारच्या टेबलावर जे सहकारी बसतात, ते विळिंजमचे. तिरुवनंतपुरमच्या दक्षिणेस सुमारे १६ किलोमीटरांवर हे बंदर आहे. एका बाजूस चर्च, दुसऱ्या बाजूस मशीद, आणि मध्ये खडकांनी आडोसा दिलेली खाडीसारखी जागा. नैऋत्य मोसमी पावसात आजूबाजूच्या उघड्या किनाऱ्यांवर लाटा फुटू लागल्या की तेथील होड्याही याच आडोशाला येतात. जवळच १९७२ साली उभारलेले उंच दीपगृह आहे, आणि २ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या नव्या महाबंदराच्या निळ्या आकाशात घुसलेल्या यारी आता दूरवरून दिसतात. या गृहस्थांचे मामा गेली चाळीस वर्षे गळाने मासे धरतात. ते त्यांना 'मामन' म्हणतात. आमच्या कानाला तो शब्द 'मामा' इतकाच जवळचा वाटला, म्हणून आम्हीही त्यांना मामनच म्हणू लागलो. ते आम्हांस 'सार' म्हणतात. केरळात सरकारी माणसाला दुसरे संबोधन नाही.

कार्तिकातील एका शनिवारी पहाटे चार वाजता आम्ही होडीत बसलो. हे दिवस केरळात 'तुलावर्षमा'चे, म्हणजे तुळा राशीत सूर्य असतानाच्या पावसाचे. या पावसाची रीत जूनच्या पावसाहून निराळी. सकाळ स्वच्छ असते, दुपारी सह्याद्रीच्या दक्षिण टोकावर ढग साचतात, आणि मग ते गडगडत समुद्राकडे उतरतात. आदल्या संध्याकाळी आम्ही हवामानाचे पत्रक वाचले होते. हैदराबादचे समुद्र-माहितीचे केंद्र लाटांची उंची सांगते, हवामान खाते वाऱ्याचा वेग सांगते. या शहराला तर वेधांची जुनी परंपरा आहे; स्वाती तिरुनाळ महाराजांनी येथे १८३७ साली वेधशाळा स्थापन केली. त्या पत्रकात त्या दिवसापुरता मच्छीमारांस मनाई करणारा इशारा नव्हता. दुपारनंतर तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस, एवढेच होते. मामनना आम्ही ते मोठ्याने वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मग बोट ओले करून वाऱ्यात धरले, आणि होडी ढकलली.

होडी फायबरची, पंचवीसेक फुटांची, मागे दोन यंत्रे. आम्ही पाच जण. मामन, त्यांचा तरुण मुलगा, आमचे सहकारी, आम्ही, आणि पंचेचाळिशीचा एक अबोल गडी. आम्हांस नारिंगी रंगाचे तरंगते जाकीट बांधण्यात आले. सहकाऱ्यांनी आमची ओळख करून देताना 'महाराष्ट्र' हा शब्द उच्चारला, तेव्हा तो अबोल गडी प्रथमच आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "देवगड?" आम्ही म्हटले, "देवगड नव्हे, सोलापूर." त्यास सोलापूर ठाऊक नव्हते. "देवगड," तो पुन्हा म्हणाला, आणि पुढे काही सांगणार तोच मामननी त्यास हाताने थांबविले. समुद्रावर त्या गोष्टी बोलावयाच्या नाहीत, असे सहकाऱ्यांनी आमच्या कानात सांगितले.

उजाडताना आम्ही किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर आत होतो. पाणी तेलासारखे स्थिर. आम्हांस ते सर्वत्र एकसारखे दिसत होते. मामनना मात्र त्याखाली एक विशिष्ट खडक हवा होता. तळाशी असलेल्या या खडकांना ते 'पार' म्हणतात. वाळूच्या वा चिखलाच्या विस्तीर्ण माळावर असा एखादा खडक असतो आणि त्याच्या फटीफटींत मासे राहतात. तो शोधण्याची त्यांची रीत 'कणिच्चम' या नावाने ओळखली जाते. किनाऱ्यावरील जवळची एक खूण आणि तिच्या मागची दूरची एक खूण एका रेषेत आणावयाची. मग दुसऱ्या दिशेला अशीच आणखी एक जोडी धरावयाची. या दोन रेषा जेथे एकमेकींस छेदतील, तेथे खडक. मामनची जवळची खूण म्हणजे एका चर्चचा मनोरा, आणि दूरची खूण म्हणजे अगस्त्यकूट, सह्याद्रीच्या या भागातील १८६८ मीटर उंचीचे शिखर. ज्या ऋषींनी एका आचमनात समुद्र प्राशन केला अशी आपली पुराणकथा आहे, त्यांचेच नाव धारण करणारे शिखर आता समुद्रात जागा दाखविते, याची आम्हांस मोठी मौज वाटली. होडीत जागा दाखविणारे यंत्रही होते. मामननी ते मुलाच्या हाती दिले होते आणि स्वतः डोंगराकडे पाहत होते. शेवटी दोघांचे एकमत झाले आणि नांगर पडला.

तळाच्या मासेमारीचे साहित्य पाहावे तर अगदी साधे. लाकडी फिरकीवर गुंडाळलेली दोरी, टोकाला शिशाचे वजन, त्याच्या थोडे वर दोन-तीन गळ, आणि गळाला 'चाळा' माशाचा तुकडा. चाळा म्हणजे आपली तारली. दोरीला येथे 'तंगूस' म्हणतात. हा शब्द ऐकताच आम्ही चमकलो, कारण सौ.च्या माहेरीही नायलॉनच्या त्या पारदर्शक धाग्याला तंगूसच म्हणतात. एकच धागा दोन किनाऱ्यांवर एकाच नावाने वावरतो, आणि कोणत्याही भाषा-समितीने तो मंजूर केलेला नाही! खोली मोजण्याचे मापही तसेच. दोन्ही हात पसरले म्हणजे त्यांचा एक 'मार', आपला एक वाव. मामननी दोरी सोडता सोडता बावीस मोजले, म्हणजे सुमारे चाळीस मीटर.

दोरी तर्जनीवरून जाऊ द्यावयाची आणि डोळे मिटावयाचे, असे आम्हांस शिकविण्यात आले. शिसे चिखलात पडले तर दोरी नुसती सैल होते. खडकावर पडले तर बोटाला 'टक्' असे कळते. पहिल्यांदा ते 'टक्' आमच्या बोटाला कळले, तेव्हा अंगावर रोमांच उभे राहिले. जो तळ कधी दिसणार नाही, त्याने आमच्या बोटावर टिचकी मारली होती. विहिरीचा तळ दिसला की भिणारे आम्ही, येथे तळ लागला म्हणून हरखलो.

मासा लागला की दोरी आधी थरथरते आणि मग खाली ओढली जाते. त्या क्षणी एक झटका देऊन न थांबता ओढावयाचे. थांबलात तर मासा खडकाच्या फटीत शिरतो आणि मग गळ, शिसे, मासा सारेच जाते. आमच्या वाट्याला प्रथम 'किळिमीन' आला, गुलाबी अंगावर पिवळ्या रेघा असलेला. सौ.च्या भाषेत राणी मासा. मामननी ओढला तो 'कलवा', मालवणकडचा गोबरा, तपकिरी ठिपक्यांचा आणि मोठ्या जबड्याचा. तो वर आला तेव्हा त्याचे पोट फुगून आले होते आणि डोळे बाहेर आले होते. चाळीस मीटर खोलीवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो. तेथून एकदम वर ओढलेल्या माशाच्या पोटातील हवेची पिशवी तितकीच फुगते. बदलीचा हुकूम एका रात्रीत अमलात आणणाऱ्या कार्यालयांस हा मासा दाखवावा, असे आमच्या मनात येऊन गेले.

गळाचे काम सावकाशीचे. एका गळाला एक मासा. १९५२ साली नॉर्वे, संयुक्त राष्ट्रसंघ आणि भारत यांच्यात करार होऊन कोल्लमजवळ नीण्डकरा येथे यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला, आणि पुढे तळ खरवडीत जाणारी मोठी जाळी या समुद्रात आली. आज केरळात ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत ५२ दिवस अशा बोटींना बंदी असते, ती माशांना वाढू देण्यासाठी. मामनसारख्यांना ती बंदी लागू नाही, आणि असण्याचे कारणही नाही. जाळे खडकावर फाटते, म्हणून खडक गळवाल्यांचा राहिला. मामन म्हणाले, "जाळे विचारीत नाही. गळाला मासा स्वतः येतो." लहान मासा आला तर ते तो सोडीत नसत, हेही येथे नमूद केले पाहिजे. ते आमिषाच्या डब्यात जाई. पोट भरण्याच्या धंद्यात तत्त्वज्ञानाला मर्यादा असतात.

हवा मात्र त्या सकाळी एका रंगावर ठरत नव्हती. आठच्या सुमारास नैऋत्येकडून एक लहानशी सर आली, आम्हांस भिजवून गेली, आणि तिच्या पाठोपाठ लख्ख ऊन पडले. नऊला वारा उठला, होडी नांगराभोवती निम्मी फिरली, आणि आमच्या पोटातील सकाळची इडली अस्वस्थ झाली. दहाला वारा पडला. मग असा उकाडा झाला, की सोलापूरच्या वैशाखाची आठवण व्हावी. पाण्यावर काचेची झिलई आली. आम्हांस वाटले की हवा सुधारली. मामन मात्र दोरीकडे पाहत होते. सकाळपासून उभी, ओळंब्यासारखी पाण्यात शिरणारी दोरी आता तिरपी जात होती. वर पाणी स्वस्थ आणि खाली प्रवाहाने कूस बदललेली. आणि तेवढ्यात मासे लागू लागले.

अकरा वाजता तो भर आला. मामनच्या मुलाने एका दमात तीन कलवे काढले. अबोल गड्याच्या दोरीला प्रत्येक खेपेस दोन-दोन किळिमीन. आमचे सहकारी, जे कार्यालयात एका नोंदीला अर्धा दिवस घेतात, ते येथे क्षणाचीही उसंत घेत नव्हते. आमच्या तर्जनीला तंगुसाने चिरा पाडल्या होत्या आणि त्यांत खारे पाणी झोंबत होते. तरी आम्हीही ओढीत होतो. त्या वेळी मामननी मान वर करून किनाऱ्याकडे पाहिले. चर्चचा मनोरा दिसत होता. त्याच्या मागे अगस्त्यकूट नव्हते. तेथे एक करडा पडदा होता.

"मति," मामन म्हणाले.

मल्याळमध्ये 'मति' म्हणजे 'पुरे'. मुलाने ऐकून न ऐकल्यासारखे केले. मग तो वडिलांशी भराभर बोलू लागला. त्याचा मथितार्थ सहकाऱ्यांनी आम्हांस सांगितला तो असा. सकाळपासूनच्या माशांत इंधनाचाही खर्च निघालेला नाही. खरी कमाई आत्ता, या तासाभरात आहे. यंत्रासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता सोमवारी आहे. आकाश डोक्यावर निळे आहे. पत्रकात मनाई नाही, हे पाहुण्या सारांनी स्वतः वाचून दाखविले आहे. या शेवटच्या मुद्द्यावर सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आमच्या वाचनाचा असा उपयोग होईल, याची आम्हांस कल्पना नव्हती. मामननी एवढेच उत्तर दिले, "दूरची खूण गेली." आणि ते नांगराच्या दोराकडे वळले.

त्या दोन शब्दांतले शास्त्र पुढे विचार करता आमच्या ध्यानात आले. तुलावर्षमाचे ढग प्रथम डोंगरावर जमतात. मामन जागा ओळखण्यासाठी ज्या शिखराचा आधार घेतात, तेच शिखर ढगात सर्वांआधी जाते. म्हणजे मासे कोठे आहेत हे सांगणारी आणि आता निघा हे सांगणारी खूण एकच आहे. तिच्याकडे माशांसाठी रोज पाहावेच लागते, म्हणून इशारा दृष्टीतून सुटत नाही. एखाद्या थोर प्रशासकालाही याहून चांगली व्यवस्था योजता आली नसती.

नांगर खडकात अडकला होता. दोघांनी ओढून पाहिला, होडी पुढे-मागे नेऊन पाहिला. पाच मिनिटे गेली. तेवढ्या वेळात करडा पडदा डोंगरावरून किनाऱ्यापर्यंत आला आणि चर्चचा मनोराही गेला. मामननी कोयता घेतला आणि दोर तोडला. नांगर आणि त्याच्यावरचा बावीस वावांहून अधिक दोर समुद्राला गेला. मुलाचे डोळे भरून आलेले आम्ही पाहिले. तो वयाने पंचवीसचाही नसेल. यंत्र सुरू झाले.

निम्म्या वाटेवर वाऱ्याने आम्हांस गाठले. प्रथम एक थंडगार झोत आला, जसे कोणी अंधाऱ्या तळघराचे दार उघडावे. मग पाणी काळे पडले, आणि पाऊस उभा न पडता आडवा आला. दहा हातांवरचे दिसेना. वीज समुद्रात पडते तेव्हा तिला झाड नसते, घर नसते. सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे आपण, हा विचार आम्ही मनातून घालवू शकलो नाही. आम्ही होडीच्या तळाशी बसून डब्याने पाणी उपसत होतो. अबोल गडी आमच्या शेजारी तेच करीत होता. "पेडिक्कंडा, सार," तो म्हणाला, भिऊ नका. आम्ही भ्यालो होतो, आणि त्यात लपविण्याजोगे काही नव्हते.

दोन्ही खुणा गेल्यावर मामन कशाच्या आधारे चालले होते, हे मागाहून कळले. वारा समोरून होता. पण वारा फिरतो, त्याच्यावर विसंबता येत नाही. नैऋत्येकडून दूरच्या समुद्रातून येणारी लांब, संथ लाट मात्र वादळी सरीने फिरत नाही. ती पाठीवर घेतली की तोंड किनाऱ्याकडे. डोळ्यांना दिसत नव्हते तेव्हा ते पाठीने वाट पाहत होते. पाऊण तासाने पाऊस विरळ झाला आणि महाबंदराच्या यारी धूसर दिसू लागल्या. बंदरात शिरलो तेव्हा धक्क्यावर बायका उभ्या होत्या. कोणी हाक मारली नाही, कोणी हात केला नाही. त्यांनी होडीतली माणसे मोजली आणि त्या पुढच्या होडीकडे पाहू लागल्या.

धक्क्याजवळच्या टपरीत काळा चहा घेताना त्या गड्याने देवगडची गोष्ट सांगितली. २०१७ च्या नोव्हेंबरात तो कोचीहून निघालेल्या एका खोल समुद्रातील बोटीवर होता. २९ आणि ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळच्या समुद्रात एका कमी दाबाच्या पट्ट्याचे पाहता पाहता चक्रीवादळ झाले. बांगलादेशाने सुचविलेले त्याचे नाव 'ओखी', म्हणजे डोळा. ते इतक्या वेगाने बळावले, की चक्रीवादळ म्हणून इशारा निघाला तेव्हा असंख्य होड्या किनारा सोडून गेल्या होत्या. केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार त्यात गेले. अनेकांचे देह मिळालेच नाहीत. वादळ लक्षद्वीपवरून उत्तरेकडे सरकले आणि पुढे गुजरातपाशी विरले. त्याच्या वाटेतून निसटत ज्या बोटी उत्तरेकडे पळाल्या, त्यांपैकी ६८ बोटी ९५२ माणसांसह सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगडला लागल्या. ६६ केरळच्या, २ तमिळनाडूच्या. आमचा हा गडी त्या ९५२ जणांपैकी एक.

देवगडच्या बंदरात त्यास कपडे मिळाले, जेवण मिळाले, घरी दूरध्वनी करावयास मिळाला. भाषा कोणाचीच कोणाला कळत नव्हती. दोन दिवसांनी वारा थोडा पडला, तेव्हा घरच्या ओढीने त्यांच्यातील काही जण बोट काढावी असे म्हणू लागले. धक्क्यावर एक म्हातारा कोळी रोज येऊन बसे. त्याने यांचा बेत ओळखला, उठून आला, याच्या दंडाला धरले, आणि काही शब्द बोलला. ते शब्द या गड्याने जपून ठेवले आहेत. त्याने ते आमच्यासमोर उच्चारले. उच्चार मल्याळी, पण बोल स्पष्ट मालवणी.

"भायर जाव नको."

अर्थ त्यास तेव्हा कोणी सांगितला नव्हता. "अर्थ सांगायला कशाला हवा, सार?" तो म्हणाला. "त्याने दंड धरला होता." ते थांबले. त्यांचा एक सोबती आधीच्या दिवसांत बोटीवरून वाहून गेला होता. त्याचे नाव त्याने आमच्यासमोर घेतले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. परत आल्यावर या गड्याने खोल समुद्र सोडला आणि मामनच्या होडीत आला.

आम्ही कारकून माणसे. आमचा सारा व्यवहार 'जाऊ नये', 'करू नये', 'अनुज्ञेय नाही' या क्रियापदांवर चालतो. त्यांत कर्ता नसतो, आणि तो नसणे हाच त्यांचा गुण मानला जातो. आदेश कोणा एका माणसाचा नसतो, शासनाचा असतो. हवामानाच्या पत्रकातही 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' असेच असते. मल्याळम पत्रकात 'पोकरुत' असते, ते आपल्या 'जाऊ नये'चे सख्खे भावंड. पण पहाटे घराच्या दारात आई वा बायको म्हणते ते 'पोकल्ले'. जाऊ नकोस ना, असे. दोन्हींचा अर्थ व्याकरणाच्या दृष्टीने एकच. ज्याच्या सोमवारी हप्ता आहे, तो 'पोकरुत'मध्ये पळवाट शोधतो. आजची तारीख त्यात आहे का, आपला जिल्हा आहे का, ते पाहतो. 'पोकल्ले'मध्ये पळवाट नसते.

यावरून पत्रके निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. आमच्या पोटावर पाय देणारा निष्कर्ष आम्ही सहसा काढीत नाहीच. पण येथे तो खराही नाही. मामनचे शिखर तुलावर्षमाची सर सांगते. दोन दिवसांच्या अंतरावर जन्मणारे ओखी ते सांगू शकत नाही. त्यासाठी उपग्रह हवा, वेधशाळा हवी, आणि रात्रपाळीला बसून 'जाऊ नये' असा मजकूर टंकणारा आमच्यासारखा कोणी हवा. या किनाऱ्याचे ज्ञानही कार्यालयांनी अगदीच दूर ठेवलेले नाही. वारा नसताना दूरच्या दक्षिण सागरातून येऊन किनाऱ्यावर अचानक चढणाऱ्या लाटांना येथील लोक 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हा शब्द २०१२ साली युनेस्कोने शास्त्रीय संज्ञा म्हणून मान्य केला, आणि आता सरकारी इशाऱ्यांतही तोच छापला जातो. प्रश्न मजकूर लिहिला जाण्याचा नाही. तो पत्रकातून निघून दंडापर्यंत कसा पोचावा, हा आहे. आणि ते शेवटचे वावभर अंतर कोणतेही खाते कापू शकत नाही. ते मामनसारख्याने कापावे लागते, आणि त्यासाठी नांगर तोडण्याची तयारी असावी लागते.

ओखीत जे परतले नाहीत, त्यांची नोंद कागदोपत्री 'बेपत्ता' अशी झाली. १८७२ च्या पुरावा कायद्यात सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्याच्या मृत्यूचे अनुमान करण्याचा नियम होता, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या अधिनियमातही तो आहे. केरळ शासनाने मदतीसाठी सात वर्षे वाट पाहिली नाही, हे त्याचे श्रेय. तरी 'बेपत्ता' हा शब्द आम्ही कार्यालयात किती सहज टंकतो! हरवलेली फाईलही बेपत्ता आणि धक्क्यावर मोजताना कमी पडलेला माणूसही बेपत्ता. त्या शनिवारनंतर फायलीसाठी आम्ही 'सापडत नाही' असे लिहितो. साहेबांनी एकदा तो शब्द खोडला. आम्ही पुन्हा तोच लिहिला.

मासे वाटले गेले तेव्हा आमच्या वाट्याला चार किळिमीन आणि एक लहान कलवा आला. नांगराच्या भरपाईपोटी आम्ही काही देऊ केले, ते मामननी घेतले नाही. मुलाने मात्र संकोचाने घेतले, आणि आम्हांस त्याचे समाधान वाटले. घरी आलो. सौ.नी प्रथम आमचे बोट पाहिले, मग मासे पाहिले, आणि मग माशांची प्रशंसा केली. रात्री जेवताना आम्ही त्यांना देवगडच्या म्हाताऱ्याचे शब्द त्या गड्याच्या उच्चारात म्हणून दाखविले.

त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "अहो, तो असं म्हणाला नसणार. 'भायर जाव नको रे' असा म्हणतत आमच्याकडे. त्याच्याकडून शेवटचा 'रे' राहून गेला."

पुढच्या शनिवारी आम्ही विळिंजमला जाऊन तो 'रे' त्याच्यापाशी पोचता केला. त्याने दोनदा म्हणून पाहिला, मान हलविली, आणि मामनच्या मुलाला शिकविला.